पाच ताऱ्यांकडून एका ताऱ्याकडे : सुरिनामची राष्ट्रचिन्हे आणि शासनव्यवस्था – एक चिकित्सा

प्रास्ताविक

राष्ट्रचिन्हांचा अभ्यास आपल्याकडे बहुधा माहितीच्या पातळीवर थांबतो. कोणत्या रंगाचा अर्थ कोणता, हे सांगितले की विषय संपला असे मानले जाते. वस्तुतः ध्वज, राजचिन्ह आणि राष्ट्रगीत ही राज्यसंस्थेने स्वतःविषयी केलेली विधाने असतात. म्हणूनच साहित्यकृतीप्रमाणे त्यांचीही चिकित्सा करता येते : त्यांत कोणाला स्थान मिळाले, कोण वगळले गेले आणि दिलेले आश्वासन शासनव्यवहारात कितपत पाळले गेले, हे प्रश्न विचारता येतात. प्रस्तुत लेखात या दृष्टीने सुरिनामचा विचार केला आहे.

दक्षिण अमेरिकेतील हा सर्वांत लहान स्वतंत्र देश २५ नोव्हेंबर १९७५ रोजी नेदरलँड्सपासून स्वतंत्र झाला. लोकसंख्या जेमतेम सहा लाखांच्या घरात. परंतु तीत आदिवासी, गुलामांचे वंशज क्रिओल, मळ्यांतून पळून जंगलात स्वतंत्र समाज उभारणारे मरून, भारतीय व जावानीज करारबद्ध मजुरांचे वंशज आणि चिनी अशा अनेक समूहांचा समावेश आहे. ५ जून १८७३ रोजी ‘लल्ला रूख’ हे जहाज भारतीय मजुरांना घेऊन तेथे पोहोचले आणि १९१६ पर्यंत सुमारे चौतीस हजार भारतीय तेथे गेले. गुलामगिरी १८६३ मध्ये रद्द झाली होती. मुक्त झालेल्यांवरील दहा वर्षांची सक्तीची देखरेख १८७३ मध्ये संपली आणि त्याच वर्षी हे जहाज आले. हा योगायोग नव्हता. मळेवाल्यांना नवे हात हवे होते.

ध्वज : गणनेकडून मूल्याकडे

१९५४ च्या सनदेने सुरिनामला अंतर्गत स्वायत्तता मिळाली आणि १९५९ मध्ये पहिला ध्वज स्वीकारला गेला. पांढऱ्या पार्श्वभूमीवर लंबवर्तुळाने जोडलेले पाच तारे, त्यांचे रंग पांढरा, काळा, तपकिरी, पिवळा व तांबडा. हेतू ऐक्याचा होता; परंतु या ध्वजाने माणसांची गणना त्वचेच्या रंगावरून केली. वसाहतीच्या शासकांनी रूढ केलेली वर्गवारीच त्याने सन्मानचिन्ह म्हणून स्वीकारली. मिश्र वंशाच्या नागरिकाने आपला तारा कोणता मानावा, या प्रश्नाला त्यात उत्तर नव्हते.

१९७५ च्या ध्वजाने ही भाषा सोडली. हिरवा, पांढरा, तांबडा, पांढरा, हिरवा असे आडवे पट्टे आणि मध्यभागी एकच पिवळा तारा. हिरवा भूमीच्या सुपीकतेचा, पांढरा न्याय व स्वातंत्र्याचा, तांबडा प्रगतीचा. तारा सर्वांच्या ऐक्याचा. ताऱ्याची पाच टोके आता वर्णांशी नव्हे, तर जेथून लोक आले त्या पाच खंडांशी जोडली जातात. भारतीय वाचकाला येथे आपल्या ध्वजाचा इतिहास आठवल्यावाचून राहणार नाही. १९२१ च्या चरखाध्वजातील रंगांचा अर्थ धर्मसमुदायांशी निगडित होता; १९३१ मध्ये काँग्रेसने रंगांना जातीय अर्थ नाही असे स्पष्ट केले. दोन्ही देशांनी समुदायांच्या बेरजेऐवजी मूल्यांची भाषा निवडली. मात्र अशा निवडीत एक धोकाही असतो. मूल्ये सर्वांची म्हटली की त्यांच्या पूर्ततेची जबाबदारी कोणाचीच उरत नाही.

राजचिन्ह : ढाल धरणारे हात

सुरिनामच्या राजचिन्हात ढालीच्या डाव्या भागात जहाज आहे. ते गुलामांच्या वाहतुकीच्या भूतकाळाचे प्रतीक मानले जाते. उजव्या भागातील ताडवृक्ष वर्तमानाचा व न्यायी मनुष्याचा निदर्शक. ढालीच्या दोन्ही बाजूंना दोन आदिवासी पुरुष उभे आहेत आणि खाली न्याय, भक्ती व निष्ठा या अर्थाचे लॅटिन बोधवाक्य आहे. यांतील जहाज, आदिवासी आधारपुरुष व बोधवाक्य वसाहतकालीन चिन्हातून चालत आलेले आहे. ध्वजात जो विच्छेद दिसतो तो येथे नाही.

या चिन्हातील सर्वांत ठळक विसंगती आधारपुरुषांची आहे. राष्ट्राची ढाल ज्यांच्या हाती दिली, त्यांच्या भूमीवरील सामूहिक मालकी मात्र कायद्याने मान्य केली नाही. आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने २००७ मध्ये सारामाका मरूनांच्या, तर २०१५ मध्ये कालिन्या व लोकोनो आदिवासींच्या बाजूने निर्णय देऊन ही मालकी मान्य करण्याचे आदेश दिले. दुसऱ्या निर्णयाची तारीख २५ नोव्हेंबर होती, म्हणजे स्वातंत्र्याचा चाळिसावा वर्धापनदिन. त्यानंतरही आदेशांची अंमलबजावणी रेंगाळली. मरूनांची स्थिती तर अधिक विचारणीय. १७६० व १७६२ च्या तहांनी वसाहतीच्या सत्तेला त्यांचे स्वातंत्र्य मान्य करावे लागले. पण राजचिन्हात जहाज आहे, जहाजातून उतरून मुक्त झालेला माणूस नाही.

राष्ट्रगीत : दुरुस्तीचे सामर्थ्य

तिन्ही चिन्हांत राष्ट्रगीत सर्वाधिक यशस्वी वाटते. कॉर्नेलिस हुकस्ट्रा या लुथरन धर्मोपदेशकाने १८९३ मध्ये डच भाषेत मूळ गीत लिहिले. १९५९ मध्ये ते स्वीकारताना कवी ट्रेफोसा (हेन्री द झील) यांनी त्यातील देशाविषयीचा हीनतासूचक आशय काढून टाकला आणि स्रानान टोंगो भाषेतील स्वतःचे कडवे जोडले. पूर्वज कोठूनही आलेले असोत, ही भूमी आपणच सांभाळायची आहे, हा त्याचा भाव. मळ्यांवर जन्मलेली, दीर्घकाळ तुच्छ लेखलेली बोली त्यामुळे डचच्या शेजारी सन्मानाने उभी राहिली. जुने गीत न टाकता त्याला आतून बदलणे, ही ट्रेफोसांची कामगिरी होय. तथापि भोजपुरी-अवधीतून घडलेली सरनामी किंवा जावानीज यांना गीतात जागा नाही, आणि राज्यकारभाराची अधिकृत भाषा आजही केवळ डच आहे.

शासनव्यवस्था : चिन्हांची कसोटी

चिन्हांची खरी परीक्षा शासनात होते. स्वातंत्र्याचा निर्णयच वादग्रस्त होता. पंतप्रधान हेंक आरोन त्याविषयी आग्रही, तर हिंदुस्तानी समाजाचे नेते जगरनाथ लछमन घाईच्या विरोधात होते. अखेर समेट झाला. पण स्वातंत्र्याच्या आगेमागे लोकसंख्येचा फार मोठा भाग नेदरलँड्सला निघून गेला. २५ फेब्रुवारी १९८० रोजी लष्कराने सत्ता घेतली आणि ८ डिसेंबर १९८२ रोजी पंधरा विरोधकांची हत्या झाली. ‘न्याय’ हा बोधवाक्यातील पहिलाच शब्द तेव्हा निरर्थक ठरला.

१९८७ च्या संविधानानुसार ५१ सदस्यांची राष्ट्रीय सभा दोन तृतीयांश बहुमताने राष्ट्राध्यक्ष निवडते. ते न जमल्यास स्थानिक परिषदांच्या सदस्यांसह भरणाऱ्या विस्तृत सभेत साध्या बहुमताने निवड होते. बहुवांशिक समाजात आघाडी अपरिहार्य व्हावी, हा या रचनेचा परिणाम. परंतु हीच रचना डेसी बाउटर्से यांना २०१० मध्ये अध्यक्षपदी बसवू शकली. डिसेंबर हत्यांबद्दल त्यांना २०१९ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली, २०२३ मध्ये ती कायम झाली आणि २०२४ मध्ये अज्ञातवासातच त्यांचा मृत्यू झाला. निकाल लागला, शिक्षा भोगली गेली नाही. दुसरीकडे, संविधान न्यायालयाने २०२१ मध्ये माफीचा कायदा रद्द केला आणि २०२२ मध्ये मतांचे मूल्य असमान करणारी जिल्हानिहाय निवडणूकपद्धती घटनाबाह्य ठरवली. २०२५ ची निवडणूक संपूर्ण देश एकच मतदारसंघ मानून झाली आणि जेनिफर गीर्लिंग्स-सिमन्स या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. एका ताऱ्याचा ध्वज आल्यानंतर प्रत्येक मताला समान मूल्य मिळण्यास पन्नास वर्षे लागली.

समारोप

२०२० मध्ये चंद्रिकाप्रसाद संतोखी यांनी वेदग्रंथ हाती धरून संस्कृत मंत्रांसह शपथ घेतली, तेव्हा आपल्या वृत्तपत्रांनी त्याचे कौतुक केले. २०२३ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांना तेथील सर्वोच्च सन्मान मिळाला, त्याचे नावही पिवळ्या ताऱ्यावरूनच आहे. हा आनंद स्वाभाविक असला, तरी सुरिनामकडे केवळ आपल्या प्रतिबिंबासाठी पाहणे म्हणजे पुन्हा पाच ताऱ्यांतील एकच तारा मोजणे होय. या देशाचा अनुभव सांगतो की ध्वज एका दिवसात बदलता येतो, गीत एका कवीला सुधारता येते. राजचिन्हातील माणसांचे हक्क मात्र कायदा आणि न्यायालये यांच्या संथ कामातूनच सिद्ध होतात. ढाल धरणाऱ्या हातांना त्यांची जमीन मिळेपर्यंत ते चिन्ह अपुरेच राहील.