वजनाचा हिशेब : एका मोटारीच्या चार पिढ्या

'माझदा' हे नाव आपल्याकडे परिचित झाले ते स्वराज माझदाच्या मिनीबस आणि मालमोटारींमुळे. त्याच जपानी कंपनीची एमएक्स-५ ही दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार मात्र आपल्या रस्त्यांवर सहसा दिसत नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती प्रथम मांडली गेली. तिच्या पुढील पिढ्या १९९८, २००५ आणि २०१५ मध्ये बाजारात आल्या. २०१६ मध्ये एकूण उत्पादन दहा लाखांवर गेले. या चारांत सर्वांत चांगली कोणती, हा तिच्या चाहत्यांचा आवडता वाद आहे. हा वाद ज्या पद्धतीने घातला जातो ती आम्हाला सदोष वाटते. तिच्यातील दोष शोधताना शालेय पदार्थविज्ञानाचा चांगला उपयोग होतो, म्हणून हा लेख.

प्रथम आकडे पाहू. जपानी बाजारातील नमुने घेतले, तर पहिल्या पिढीचे वजन सुमारे ९४० किलोग्रॅम आणि शक्ती १२० अश्वशक्ती होती. दुसऱ्या पिढीच्या १.८ लिटर इंजिनाच्या गाडीसाठी हे आकडे सुमारे १०३० आणि १४५, तिसरीसाठी सुमारे १०९० आणि १७०, तर चौथीच्या सर्वांत हलक्या गाडीसाठी ९९० आणि १३१ असे आहेत. आता एका अश्वशक्तीच्या वाट्याला किती वजन येते ते काढा. उत्तरे अनुक्रमे ७.८, ७.१, ६.४ आणि ७.६ किलोग्रॅम येतात. या कसोटीवर तिसरी पिढी सहज पहिली येते. पण बहुतेक चाहते तिलाच 'जड झालेली' म्हणून शेवटचा क्रमांक देतात. केवळ वजन पाहिले तर पहिली पिढी जिंकते. मोजपट्टी बदलली की निकाल बदलतो. म्हणून मोजपट्टी कोणती आणि ती का निवडली, हे आधी सांगायला हवे.

या गाडीच्या निर्मात्यांनी स्वतःची मोजपट्टी सांगितलेली आहे. 'जिन्बा इत्ताई' हे त्यांचे ब्रीद. त्याचा अर्थ घोडा आणि स्वार एकरूप होणे. म्हणजे गाडी किती वेगाने पळते यापेक्षा चालकाच्या हाताला ती किती तत्परतेने प्रतिसाद देते, हे महत्त्वाचे. तेव्हा हिची परीक्षा वळणावर घ्यायला हवी.

इथे एक गंमत आहे. 'हलकी गाडी वळण चांगले घेते' असे सर्रास म्हटले जाते. पण वळताना लागणारे अभिकेंद्री बल वस्तुमानाच्या प्रमाणात असते आणि टायरला मिळणारे घर्षणही वस्तुमानाच्याच प्रमाणात. समीकरणात वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटते! मग हलकेपणाचा फायदा कुठून येतो? पहिले कारण असे, की रबरी टायरचा घर्षण गुणांक स्थिर नसतो. टायरवरचा भार वाढला की तो थोडा घटतो. दुसरे कारण ब्रेकचे. ताशी १०० किलोमीटर वेगाला ९४० किलोग्रॅमच्या गाडीची गतिज ऊर्जा सुमारे ३६३ किलोज्यूल, तर १०९० किलोग्रॅमच्या गाडीची सुमारे ४२१ किलोज्यूल असते. ती सारी उष्णतेत बदलावी लागते. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. वळायला सुरुवात करताना गाडीला स्वतःच्या मध्याभोवती फिरावे लागते. या फिरण्याला होणारा विरोध, म्हणजे जडत्व आघूर्ण, अंतराच्या वर्गावर अवलंबून असतो. बंपरपाशी ठेवलेले १० किलोग्रॅम वजन मध्यापासूनचे अंतर एक तृतीयांश होईल असे आत आणले, तर त्याचा विरोध एक नवमांश होतो. वजन किती याइतकेच ते कुठे, हेही पाहिले पाहिजे.

या दृष्टीने तिसऱ्या पिढीवर अन्याय झाला आहे. तिच्यात इंजिन मागे, मध्याकडे सरकवले गेले आणि सांगाडा अधिक ताठ झाला. आतल्या आरशाची रचना सोपी करून ८४ ग्रॅम वाचवण्याइतकी काटकसर केली गेली. गाडी मोठी झाली हे खरे, पण वाढलेले वजन निष्काळजीपणाचे नव्हते.

उलट पहिल्या पिढीचे कौतुक करताना एक गोष्ट विसरली जाते. तिच्या मूळ जपानी नमुन्यात एअरबॅग नव्हती. पुढच्या पिढ्यांचे काही किलोग्रॅम माणसाचा जीव वाचवण्यासाठी वाढले आहेत. त्यांना 'चरबी' म्हणणे योग्य नाही. मोटरवर उघडझाप करणारे हेडलाइट दुसऱ्या पिढीत गेले याचीही हळहळ व्यक्त होते. पण ते यंत्र गाडीच्या अगदी टोकाला होते; वर सांगितलेला वर्गाचा नियम लावला की त्याची किंमत कळते.

आमच्या मते या मालिकेतील सर्वांत अवघड काम चौथ्या पिढीने केले. सुरक्षेची साधने वाढलेली असूनही ती तिसरीपेक्षा सुमारे १०० किलोग्रॅमने हलकी आहे आणि ३९१५ मिलिमीटर लांबीची ही गाडी पहिलीपेक्षाही आखूड आहे. बॉनेट, डिकीचे झाकण आणि पुढचे मडगार्ड ॲल्युमिनियमचे, सांगाड्यात अधिक उच्चताण पोलाद, इंजिन लहान, चाकाला पाचाऐवजी चारच बोल्ट. शक्तीचा आकडा खाली आणण्याचे धाडस बाजारात क्वचितच दाखवले जाते. तिचा खरा दोष विद्युत स्टिअरिंगचा आहे. रस्त्याची जाणीव हातापर्यंत पूर्वीइतकी पोचत नाही, ही जुन्या चाहत्यांची तक्रार आम्हाला रास्त वाटते. ज्या गाडीचे ब्रीदच एकरूपतेचे, तिच्यात ही उणीव अधिक खटकते. तरीही मूळ कल्पनेचे श्रेय पहिलीला आणि ती कल्पना नव्या अटी पाळून टिकवण्याचे श्रेय चौथीला, असा आमचा निवाडा आहे.

शेवटी एक पथ्य. तीस वर्षे वापरलेली, रबरी बुश झिजलेली गाडी आणि कोरी गाडी एकामागून एक चालवून पिढ्यांची तुलना होत नाही. टायर, रस्ता आणि गाडीची अवस्था सारखी नसेल, तर फरक कशामुळे पडला हे सांगता येणार नाही. वर्गात याची सुरुवात मीटरपट्टीने करता येईल. पट्टीला दोन सारखी वजने आधी टोकांना, मग मध्याजवळ बांधा आणि ती मधोमध धरून मनगटाने उलटसुलट फिरवायला विद्यार्थ्यांना सांगा. पट्टी तीच, वजने तीच, हातही तोच. बदलली ती फक्त जागा. फरक कशामुळे पडला हे मग त्यांना सांगावे लागणार नाही.