६२५ रेषा आणि मावळचे डोंगर

दूरदर्शनच्या जुन्या अ‍ॅनालॉग प्रक्षेपणाचं मानक जेमतेम एका पानात मावतं. ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं, ७ मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनेल, चित्राच्या वाहक लहरीपासून ५.५ मेगाहर्ट्झ वर आवाज, रंगाची उपवाहक लहर ४.४३३६१८७५ मेगाहर्ट्झ. मी हे पान मुरलेल्या बंदिशीसारखं वाचत आलो आहे, कारण त्यातली एकही जागा उगाच घेतलेली नाही. त्या जागा ओळखायच्या तर मावळात यावं.

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि १९७३मध्ये सिंहगडावरून पुण्यासाठी सहप्रक्षेपण. लोणावळा या दोहोंच्या मधे: सरळ रेषेत वरळी साधारण ६८ किलोमीटर वायव्येला, सिंहगड ५५ किलोमीटर आग्नेयेला. मुंबई केंद्राचा वरळीचा मनोरा ३०० मीटरचा. तेवढ्या उंचीवरून टीव्हीच्या लहरीचं क्षितिज सत्तरेक किलोमीटरवर येतं. म्हणजे सपाटीवर हे गाव अगदी काठावर पडलं असतं, पण ते सव्वासहाशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे घाटमाथ्याला मुंबई लाभायची. मळवलीची गोष्ट निराळी. तिथून सिंहगडाकडे पाहावं तर लोहगड-विसापूरची रांग आडवी. पवन मावळात तर चहूबाजूंनी डोंगर.

मुंबईचा चॅनेल ४ क्रमांकाचा, ६१ ते ६८ मेगाहर्ट्झचा. लहर सुमारे साडेचार-पावणेपाच मीटर लांबीची. इतकी लांब लहर डोंगराच्या धारेवरून थोडी खाली वाकते. १७४ मेगाहर्ट्झच्या वरच्या चॅनेलांना ते तितकं जमत नाही. खोऱ्यातल्या घरात पडद्यावर मुंग्या असूनही माणसांचे चेहरे ओळखू येत, त्यात या वाकण्याचा वाटा मोठा.

आता ६२५ या आकड्याकडे या. पाचाला पाचाने तीन वेळा गुणत गेलं की ६२५, म्हणजे पाचाचा चौथा घात. सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे रेषा १५,६२५ आणि तो पाचाचा सहावा घात! नळ्यांच्या काळात लहान विषम संख्येने भागणारी मंडलं भरवशाची असत, म्हणून ही निवड. विजेच्या ५० हर्ट्झशीही ती जुळते, कारण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत, एक आड एक रेषांनी, रंगवलं जातं.

एका रेषेला ६४ मायक्रोसेकंद मिळतात. त्यातले ५२ दिसणाऱ्या चित्राचे. थेट आलेल्या लहरीमागून कड्यावर आपटलेली तीच लहर उशिरा पोहोचली की माणसाच्या उजवीकडे त्याचीच फिकट सावली उमटते. ४० सेंटिमीटर रुंदीच्या पडद्यावर ही सावली एक सेंटिमीटर सरकलेली असेल, तर दुसरी लहर जवळजवळ ४०० मीटर जास्त चालून आलेली असते. अँटेना फिरवणाऱ्याला खालून ‘डबल दिसतंय’ असं ओरडून सांगत, तेव्हा पडद्यावर खरं तर समोरच्या कड्याचं अंतर लिहिलेलं असे.

या पानाचं खरं सौंदर्य रंगात आहे. १९८२मध्ये भारतात रंगीत प्रक्षेपण आलं ते पाल पद्धतीचं. तिचा जनक जर्मनीतल्या टेलिफुंकन कंपनीचा वाल्टर ब्रूख. आधीच्या अमेरिकन पद्धतीत रंगाच्या लहरीची फेज वाटेत सरकली की चेहरा हिरवट किंवा जांभळट व्हायचा. ब्रूखने रंगाच्या दोन घटकांपैकी एक दर रेषेला उलटा पाठवला. संचात काचेची एक पट्टी आधीची रेषा ६४ मायक्रोसेकंद धरून ठेवते, मग दोन्ही रेषांची सरासरी होते. पहिलीत रंग एका बाजूला ढळला असेल तर दुसरीत तो विरुद्ध बाजूला ढळतो, आणि चूक चुकीला खाते. किंमत एवढीच, की रंग किंचित फिका पडतो. रंग फिका झाला तरी चालेल, खोटा होता कामा नये: हा निर्णय मला फार मोठा वाटतो. डोंगरांनी लहरी फोडणाऱ्या मुलखासाठी याहून योग्य निर्णय सुचत नाही.

उपवाहक लहरीचा तो लांबलचक आकडाही बघा. १५,६२५ला २८३.७५ने गुणायचं आणि २५ हर्ट्झ मिळवायचे. त्या पाऊण भागामुळे आणि वरच्या पंचवीसामुळे रंगाचा संकेत चित्राच्या संकेतातल्या मोकळ्या फटींत बसतो आणि जुन्या कृष्णधवल संचावर ठिपक्यांची जाळी जवळपास जाणवत नाही. चॅनेल ७ मेगाहर्ट्झचाच राहिला. रंगीत संच न परवडणाऱ्याला आपला जुना संच टाकावा लागला नाही, हे या आकड्याचं कर्तृत्व.

नंतरच्या डिजिटल प्रक्षेपणात चित्र एकतर स्वच्छ येतं, नाहीतर गोठून नाहीसं होतं. अ‍ॅनालॉग लहर क्षीण होत गेली तरी शेवटपर्यंत काहीतरी पोहोचवायची. खोऱ्यातल्या प्रेक्षकाचा एवढा विचार करणारं मानक पुन्हा झालं नाही, असं माझं मत आहे.

२०२२पर्यंत दूरदर्शनने देशातले बहुतेक अ‍ॅनालॉग प्रक्षेपक बंद केले. मावळातल्या एखाद्या माळ्यावर अॅल्युमिनियमची जुनी अँटेना अजून पडली असेल, तर भंगारात देण्याआधी तिच्या वळवलेल्या नळीची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी टेपने मोजा. सव्वासात फुटांच्या आसपास भरली, तर ती मुंबईच्या चौथ्या चॅनेलच्या मापाची आहे.