गवाही आणि कल्पना

वाशीचा मुलूख 1948 पर्यंत निजामी राजवटीत होता. आधी रझाकारांचे अत्याचार, मग सप्टेंबरमधील पोलिस कारवाईनंतर मुसलमानांची कत्तल, दोन्ही या जिल्ह्याने पाहिले. पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार यांच्या अहवालात सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, आहे. संस्थानभरातील मृतांचा अंदाज 27 ते 40 हजारांचा. हा अहवाल कित्येक दशके दडवला गेला.

कागद मुका होतो तिथे कल्पनेचे काम सुरू होते. मेलेल्यांना नाव, चेहरा, बोली देणे हा लेखकाचा हक्क आहे. गुन्हा एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर टाकण्याचा हक्क त्याला नाही. आमच्या कथेत फक्त मजलूम आला आणि रझाकार गळला, किंवा इतरांच्या कथेत फक्त रझाकारच उरला, तर ती कथा सोयीने लिहिलेली आहे, असे आम्ही म्हणू. जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदूही त्याच अहवालात आहेत. ते आम्ही का गाळावेत? गवाही स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध जात असली तरी खरीच द्यावी, ही कुरआनची शिकवण. कथालेखकाला तिच्यातून सूट नाही.