ताज आठवतो, मग सीएसटी का नाही?

एक छोटी चाचणी घेऊया. मी '२६/११' म्हणते. गुगल न करता सांगा, डोळ्यांसमोर पहिलं काय आलं?

हा प्रश्न मी लॅबमध्ये, मेसमध्ये, अगदी लग्नाच्या पंगतीतही विचारलाय. (याला संशोधन म्हणू नका, नमुना अगदीच घरगुती आहे.) बहुतेकांचं उत्तर एकच असतं: ताजचा घुमट आणि त्यातून निघणारा धूर. दुसऱ्या नंबरवर पाठीला बॅग, हातात बंदूक घेतलेला कसाब. मग मी विचारते, त्या हल्ल्यात एकाच ठिकाणी सगळ्यात जास्त माणसं कुठे मेली? पुन्हा ताज.

खरं उत्तर सीएसटी. तेव्हा सीएसटीच म्हणायचे, आता सीएसएमटी. १६६ मृतांपैकी ५८ जण एकट्या त्या स्टेशनात गेले. लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट बघत, बोचकी आणि बॅगा घेऊन बसलेली माणसं होती ती. कसाबचा तो प्रसिद्ध फोटोसुद्धा तिथलाच आहे, पण त्यात आपल्याला कसाब दिसतो, स्टेशन दिसत नाही.

टीव्ही, असं तुम्ही लगेच म्हणाल. बरोबर आहे. सीएसटीतला गोळीबार साधारण तासा-सव्वा तासात आटोपला, तोही कॅमेरे पोचायच्या आधी. ताज मात्र २९ नोव्हेंबरच्या सकाळपर्यंत, म्हणजे सुमारे साठ तास, लाइव्ह चालू होतं. पण २००८ ला आता बरीच वर्षं झाली. एवढ्या काळात चूक दुरुस्त व्हायला हवी होती. आपण दरवर्षी २६ नोव्हेंबरला आठवण काढतो, सिनेमे काढतो, स्टेटस ठेवतो. मग ती दुरुस्त का होत नाही? माझा मुद्दा असा आहे की आपली आठवण काढायची पद्धतच ती चूक पक्की करते. आणि हे मी रागाने म्हणत नाहीये, त्यामागे थोडा अभ्यास आहे.

माझं पीएचडीचं काम उंदरांच्या स्मरणशक्तीवर आहे, माणसांच्या नाही. पण या क्षेत्रात राहून ९/११ वरचे पेपर वाचल्याशिवाय सुटका नसते. मोठा धक्का बसला की 'तेव्हा मी कुठे होतो, कोणी सांगितलं, अंगात काय होतं' हे मेंदूत फोटोसारखं छापलं जातं, अशी कल्पना ब्राउन आणि कुलिक यांनी १९७७ मध्ये मांडली. तिचं नाव फ्लॅशबल्ब मेमरी. ती खरी आहे का, हे तपासायची संधी ९/११ ने दिली. ड्यूक विद्यापीठातल्या तालारिको आणि रुबिन यांनी हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १२ सप्टेंबर २००१ ला, ५४ विद्यार्थ्यांकडून आठवणी लिहून घेतल्या. हल्ल्याची एक आणि त्याच दिवसांतल्या एखाद्या साध्या प्रसंगाची एक. पुढे काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले. दोन्ही आठवणी सारख्याच वेगाने बिघडल्या होत्या! फरक एवढाच की साध्या प्रसंगाबद्दल लोक म्हणत, नक्की आठवत नाही. हल्ल्याबद्दल मात्र छातीठोकपणे सांगत. २६/११ च्या रात्री मी आजीकडे टीव्हीसमोर होते हे मी शपथेवर सांगेन, आणि हा पेपर सांगतो की माझ्या शपथेला फार किंमत देऊ नका.

विल्यम हर्स्ट आणि सहकाऱ्यांनी तर अमेरिकेतल्या सात शहरांतल्या तीन हजारांहून जास्त लोकांचा दहा वर्षं पाठपुरावा केला. स्वतःबद्दलच्या आठवणीत एकदा चूक शिरली की लोक तीच चूक पुढे दर वेळी सांगत राहिले. घटनेबद्दलच्या चुका मात्र दुरुस्त होऊ शकत होत्या. त्यातला एक प्रश्न होता, बातमी कळली तेव्हा राष्ट्राध्यक्ष बुश कुठे होते? (फ्लोरिडातल्या एका शाळेत.) हे उत्तर लोक हळूहळू विसरत चालले होते, आणि २००४ मध्ये अचानक पुन्हा बरोबर द्यायला लागले. कारण मायकल मूरचा 'फॅरनहाइट ९/११' आला होता आणि त्यात तो शाळेचा प्रसंग होता. एका सिनेमाने लोकांची आठवण दुरुस्त केली.

म्हणजे जे पुन्हा दाखवलं जातं ते टिकतं. इथपर्यंत कोणीही मान डोलवेल. माझ्या मते खरी गंमत पुढे आहे, आणि ती थोडी भीतिदायक आहे.

समजा तुम्हाला दोन याद्या पाठ करायला दिल्या. फळं: आंबा, पेरू, चिकू, सीताफळ. वाद्यं: तबला, सनई, डफ, संवादिनी. मग फक्त आंबा आणि पेरू यांची उजळणी करून घेतली. थोड्या वेळाने सगळं विचारलं. आंबा-पेरू छान आठवतील, यात नवल नाही. वाद्यांची उजळणी झाली नव्हती, ती मध्यम आठवतील. चिकू-सीताफळाचीही उजळणी झाली नव्हती, पण ती वाद्यांपेक्षाही कमी आठवतात. शेजारच्याला वारंवार हाक मारली की हे दोघं आणखी मागे सरकतात. मायकल अँडरसन आणि बियॉर्क दांपत्याने हे १९९४ मध्ये दाखवलं. याला रिट्रीव्हल-इंड्यूस्ड फरगेटिंग म्हणतात. मराठीत आपण 'आठवणीमुळे होणारा विसर' म्हणू.

हर्स्टच्या गटाने पुढचा प्रश्न विचारला: उजळणी दुसरा करतोय आणि मी नुसती ऐकतेय, तर? २००७ च्या त्यांच्या पेपरात उत्तर आलं की ऐकणाराही विसरतो. आणि २००९ मध्ये कोमन, मॅनियर आणि हर्स्ट यांनी हे थेट ९/११ च्या आठवणींवर करून बघितलं. शब्दांच्या याद्या सोडा, लोकांच्या आयुष्यातली जी गोष्ट विसरणं शक्य नाही असं आपण धरून चालतो, तीच घेतली. तरी परिणाम दिसला. समोरच्याने काही भाग सांगितला आणि त्याच्याच शेजारचा भाग गाळला, तर तो गाळलेला भाग ऐकणाऱ्याला आठवायला जास्त वेळ लागला.

थांबा, इथून लगेच राष्ट्रापर्यंत उडी मारू नका. प्रयोगशाळेतला हा परिणाम छोटा असतो, आणि लोक तो त्याच बैठकीत मोजतात. २०१६ मध्ये कोमन यांनी दहा-दहा जणांच्या गटांत गप्पा घडवून आणल्या आणि सगळ्यांच्या आठवणी हळूहळू एकसारख्या होतात हे दाखवलं, पण दहा म्हणजे एकशे चाळीस कोटी नव्हे. मी पुढे जे लिहितेय तो माझा अंदाज आहे. तसाच वाचा.

माझा अंदाज असा की पूर्ण मौन एवढं विसरायला लावत नाही, जेवढी अर्धवट आठवण लावते. 'ताज' म्हणताना दर वेळी आपण सीएसटीला जरा मागे ढकलतो. नरिमन हाऊस, ओबेरॉय, कामा, लिओपोल्ड निदान यादीत तरी येतात. विलेपार्ले आणि माझगावला टॅक्सीत झालेले स्फोट तुम्हाला आठवले होते का? 'कुबेर' ट्रॉलरवरचे मारले गेलेले खलाशी?

सिनेमांकडे बघा. 'हॉटेल मुंबई' चांगला बांधलेला आहे, मला मान्य आहे, पण त्याचा मुक्काम ताजमध्येच. 'मेजर' संदीप उन्नीकृष्णन यांच्यावर आहे, म्हणजे पुन्हा ताज. राम गोपाल वर्माचा 'द अटॅक्स ऑफ २६/११' त्या मानाने प्रामाणिक वाटला. तो समुद्रातून, कुबेरपासून सुरू होतो आणि सीएसटीच्या हॉलमध्ये बराच वेळ थांबतो. (हेच वर्मा हल्ल्यानंतर मुख्यमंत्र्यांबरोबर ताज बघायला गेले होते आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला होता, हे विसरू नका.) पण शेवटी तोही कसाबपाशी जातो. शवागारात नाना पाटेकर कसाबला लंबंचवडं ऐकवतो आणि सिनेमा त्या दोघांचा होऊन जातो. मेलेले लोक मागे, चादरीखाली. उद्घोषक विष्णू झेंडे यांनी त्या रात्री सीएसटीवर माइकवरून लोकांना बाहेर काढलं. त्यांच्या केबिनमधून दिसलेली रात्र एवढाच एखाद्या सिनेमाचा विषय का नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

आता खरी दुखरी जागा. ११ जुलै २००६. संध्याकाळी सहा-साडेसहाच्या सुमाराला, अकरा मिनिटांत सात स्फोट, सगळे पश्चिम रेल्वेच्या लोकलच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत. मृतांचा आकडा तुम्हाला कुठे १८७ सापडेल, कुठे १८९, कुठे २०९. म्हणजे कुठलाही आकडा घेतला तरी २६/११ पेक्षा जास्त. आणि ही माणसं मुंबई, ठाणे, पालघरच्या घराघरांतली होती, तुमच्या-माझ्या ओळखीच्या ओळखीतली. तरीही 'मुंबईवरचा हल्ला' म्हटलं की कोणाला ही तारीख आठवत नाही. गाड्या काही तासांत पुन्हा सुरू झाल्या आणि आपण त्याला 'मुंबई स्पिरिट' म्हणालो. दुसऱ्या दिवशी रजा टाकायची सोय नसणं, यालाही कधीकधी स्पिरिट म्हणतात.

११ जुलैवर सिनेमा झाला नाही असं नाही. निशिकांत कामतचा 'मुंबई मेरी जान' माझ्या मते या विषयावरचा सगळ्यात शहाणा सिनेमा आहे. त्यात हल्लेखोर जवळजवळ नाहीतच. नंतरचे दिवस आहेत: लोकलमध्ये चढायला घाबरणारा माधवन, आणि जिचं स्वतःचं दुःख तिचंच चॅनल कार्यक्रम करून विकतं ती बातमीदार. सिनेमा ऑगस्ट २००८ मध्ये आला. तीन महिन्यांनी ताज पेटलं, आणि ज्याची ओळख नुकतीच झाली होती ते चिकू-सीताफळ मागच्या रांगेत गेलं.

दोन घटनांमधला आणखी एक फरक असा की २६/११ ला शेवट आहे. चेहरा आहे, खटला आहे, २१ नोव्हेंबर २०१२ ची येरवड्यातली फाशी आहे. एप्रिल २०२५ मध्ये तहव्वूर राणाला अमेरिकेहून आणलं, तेव्हा उजळणीही झाली. ११ जुलैच्या खटल्यात २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा झाली, त्यांतल्या पाचांना फाशीची. एकाचा तुरुंगातच मृत्यू झाला. आणि २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये एवढी स्थगिती मिळाली, सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. म्हणजे आज दोन गोष्टी एकाच वेळी उभ्या आहेत: एकोणीस वर्षं तुरुंगात काढलेली माणसं, आणि आपल्या माणसाला कोणी मारलं हे माहीत नसलेली पावणेदोनशेच्या वर घरं. ज्या देशाने २६/११ नंतर महिन्याभरात एनआयएचा कायदा केला, त्या देशात हा प्रश्न किती दिवस चर्चेत होता? मी वर्तमानपत्रं चाळत होते. आठवडाभरात तो आतल्या पानांवर गेला.

आठवण ठेवायची एक निराळी पद्धतही मला सापडली, ती मात्र आमच्या जातकुळीतली, म्हणजे विज्ञानातली. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उडी मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला संशोधकांनी 'आयसियस तुकारामी' असं नाव दिलं. गिरगाव चौपाटीजवळ कसाबची बंदूक स्वतःच्या अंगावर झेलणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्या नावावरून. मला हे का आवडलं सांगते. प्रजातीचं नाव ठेवताना एक नमुना कायमचा जपून ठेवावा लागतो, त्याला टाइप स्पेसिमेन म्हणतात. पुढे कोणाला शंका आली तर त्या नमुन्याशी ताडून बघायचं. 'मला चांगलं आठवतंय' या उत्तराला तिथे काही किंमत नाही.

आपल्या सार्वजनिक आठवणींना असा ताडून बघायचा नमुना फार क्वचित असतो. म्हणून एक काम सांगते, आणि यावेळी ते खरंच करा. तालारिको-रुबिनसारखं आधी कागदावर लिहा, मग शोधा. ११ जुलै २००६: सात स्फोट कोणकोणत्या स्टेशनांजवळ झाले? मी माझ्या लॅबमधल्या सहा जणांना विचारलं. माहीम सगळ्यांनी सांगितलं, तीनच्या पुढे एकही जण गेला नाही. तुमची यादी, न दुरुस्त करता, मला पाठवा. पुढच्या पोस्टमध्ये त्या सगळ्या एकत्र करून बघू, कोणतं स्टेशन सगळ्यात आधी गळालंय.