ग्लासातलं प्रतिबिंब

एटा जेम्सची ‘टेल मामा’ ही तबकडी १९६७ साली आली. पुढच्या बाजूला त्याच नावाचं धडाकेबाज, नाचायला लावणारं गाणं. तबकडी उलटली की ‘आयड रादर गो ब्लाइंड’. दुःख अक्षरशः मागच्या बाजूला! अलाबामातल्या मसल शोल्समध्ये, फेम स्टुडिओत रेकॉर्ड झालेलं हे गाणं जवळजवळ दोनच कॉर्डांवर हेलकावत राहतं. बाईला जसं तिथून उठता येत नाही, तसं चालीलाही.

ती आपल्या माणसाला दुसरीशी बोलताना पाहते आणि सगळं संपलंय हे तिला कळतं. मग ओठांशी नेलेल्या ग्लासात तिला स्वतःचे अश्रू दिसतात. माझ्या मते गाणं इथेच आहे. आपण रडतोय हे तिला तोवर माहीतच नाही. चेहरा इतका सांभाळलाय, की ही बातमी ग्लासाने द्यावी लागते.

पण एटाचा आवाज काही सांभाळत नाही. तो पहिल्या ओळीपासूनच भिजलेला असतो. म्हणून हेडफोन लावून ‘चिकन शॅक’ या ब्रिटिश ब्लूज-रॉक बँडचं १९६९चं रूप ऐका. गायिका क्रिस्टीन परफेक्ट (हो, माहेरचं आडनाव खरंच परफेक्ट), म्हणजे पुढे ‘फ्लीटवुड मॅक’मधली क्रिस्टीन मॅकव्ही. ती सपाट, जरा थकलेल्या आवाजात गाते. किंचाळायची जागा येते तेव्हाही ती आवाज चढवत नाही. काहींना हे थंड वाटतं. मला वाटतं, चारचौघांत बसलेली बाई अशीच बोलेल. ब्रिटनमध्ये हे रूप १४व्या क्रमांकापर्यंत पोचलं. १९७२ साली रॉड स्टुअर्टनेही ते गायलं. गळा सुरेख फाटला, पण ग्लास हरवला.

एटा थोर गायिका, यात वादच नाही. तिला ऐकून मी हादरतो. क्रिस्टीनला ऐकताना मात्र ही बाई ठीक आहे की नाही, हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि मी पुन्हा प्ले दाबतो.

गीतकार म्हणून नावं लागतात एलिंग्टन जॉर्डन आणि बिली फॉस्टर यांची. एटाने आत्मचरित्रात सांगितलंय, की जॉर्डनला तुरुंगात भेटायला गेली असताना तिने गाण्याचा आराखडा ऐकला, आणि पुढचं त्याच्यासोबत तिने स्वतः लिहिलं. करांच्या भानगडीमुळे आपला वाटा तिने तेव्हाचा जोडीदार फॉस्टर याच्या नावावर केला.