नियम वाचला, इमारत वाचायची राहिली

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या भग्न फाउंटन्स मठाबद्दल (स्थापना ११३२) ‘सिस्टर्शियन पंथाचा साधेपणा’ असं लिहून आपण मोकळे होतो. चर्चच्या मुख्य दालनातले जाडजूड गोल खांब त्याला दुजोराही देतात. पण उत्तरेकडचा मनोरा बघा. दगडी घंटामनोरे बांधू नयेत, असा पंथाचा १२व्या शतकातला नियम. तरीही मठाधिपती हबी (१४९५–१५२६) यांनी जवळपास ५० मीटर उंच मनोरा उभारला. वर लॅटिन कोरीव लेख, मूर्तींसाठी कोनाडे! १५३९ मध्ये मठ बंद झाला, तोवर पंथाची चार शतकांतली बदललेली मनं दगडात उतरली होती. ‘साधेपणा’ हे एकच लेबल ती सगळी झाकून टाकतं. म्हणून प्रबंधात नियम जरूर द्या, पण प्रत्येक भिंतीचा काळ आधी ठरवा.