सीमेवरचा नायक : हॉकआय आणि तानाजी

बहुतेक समाजांच्या वाङ्मयात सीमेवरचा एक नायक असतो. तो राजा नसतो, पंडितही नसतो. राज्याची हद्द जिथे संपते आणि रान, कडा किंवा परक्याचा मुलूख जिथे सुरू होतो, तिथे त्याचा वावर. वाटा, पाणवठे, वाऱ्याची दिशा ही त्याची विद्या. अमेरिकेला असा नायक जेम्स फेनिमोर कूपर या कादंबरीकाराने दिला. आपल्याला तो इतिहासाने दिला, शाहिरांनी गायिला आणि हरि नारायण आपट्यांनी कादंबरीत आणला. पुढे दोघांनाही चित्रपटाने उचलले. या प्रवासात नायकाचे काय झाले हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा एक हेतू. त्याच्या शत्रूचे काय झाले हे पाहणे हा दुसरा, आणि आम्हांस तो अधिक महत्त्वाचा वाटतो.

हरमलसारख्या गावी बसून हा विषय कशाला, असे कोणी विचारील. उत्तर असे की आपण सीमेवरचीच माणसे. पेडणे महाल १७८८ पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होता; मग तो पोर्तुगीजांकडे गेला आणि १९६१ साली मुक्त झाला. तेरेखोलचा किल्ला वाडीकरांचा, तो १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. इतक्या वेळा धनी बदलले, पण आपल्या जुन्या घराण्यांच्या सोयरिकी खाडीच्या दोन्ही तीरांवर राहिल्या. पलीकडे आरोंदे, रेडी हा परमुलूख होता आणि त्याच परमुलखात कोणाचे आजोळ होते. सीमा म्हणजे काय, हे अशा माणसांना पुस्तकातून शिकावे लागत नाही.

प्रथम कूपरकडे वळू. १७८९ साली जन्मलेल्या या लेखकाचे बालपण न्यूयॉर्क प्रांतातील कूपर्सटाउन या वसाहतीत गेले. ती वसाहत त्याच्या वडिलांनीच वसविलेली. रान तोडून गाव उभे राहते तेव्हा कोण आत येतो आणि कोण बाहेर फेकला जातो, हे त्याने घरातच पाहिले होते. नॅटी बम्पो हा त्याचा नायक जन्माने गोरा, पण डेलावेअर या मूळ निवासी जमातीत वाढलेला शिकारी. १८२३ ते १८४१ या काळात लिहिलेल्या पाच कादंबऱ्यांत तो वेगवेगळ्या वयांत आणि नावांनी भेटतो. त्याचे सर्वांत गाजलेले नाव हॉकआय, म्हणजे ससाण्याच्या नजरेचा. ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ (१८२६) या कादंबरीत तो १७५७ च्या इंग्रज–फ्रेंच युद्धात आपले मोहिकन सोबती चिंगाचगुक आणि त्याचा मुलगा अंकस यांच्यासह दोन इंग्रज बहिणींना वाट दाखवतो.

सर्वांत आधी लिहिलेल्या ‘द पायोनियर्स’मध्ये मात्र हा नायक म्हातारा आहे. वसाहतीत आता कायदा आला आहे. बंदीच्या हंगामात हरिण मारल्याबद्दल नॅटीच्या झोपडीची झडती घेण्याचा हुकूम निघतो, तो विरोध करतो आणि तुरुंगात जातो. सुटल्यावर तो पश्चिमेकडील रानात निघून जातो. ज्या गावाची वाट त्याने मळली, त्या गावात त्याला जागा उरत नाही. आयुष्य सरकारी नोकरीत घालविलेल्या आम्हांला हा भाग वाचताना अस्वस्थ व्हायला होते. न्यायाधीश टेम्पल हा वाईट माणूस नाही. कायदाही वाईट नाही, उलट जंगलाच्या रक्षणासाठीच तो केलेला आहे. तरीही अन्याय घडतो. हा पेच कूपरने सोडविला नाही, तसाच ठेवला. त्याची शैली पाल्हाळिक आहे आणि प्रसंग अनेकदा अशक्य कोटीतले आहेत. मार्क ट्वेनने १८९५ साली त्याची जी निर्दय थट्टा केली ती वाचून आजही हसू येते. पण हा पेच त्या थट्टेने पुसला गेला नाही.

चित्रपटांनी मोहिकनांची कथा पुन्हा पुन्हा घेतली. १९२०, १९३६ आणि १९९२ चे चित्रपट विशेष प्रसिद्ध आहेत. मायकेल मानच्या १९९२ च्या चित्रपटात डॅनियल डे-लुईसने हॉकआय रंगविला. कादंबरीतला हॉकआय एकटा, प्रौढ, स्त्रीसहवासापासून दूर राहणारा. पडद्यावरचा तरुण, देखणा आणि कोराचा प्रियकर. कादंबरीत कोरा मरते, पडद्यावर ती जगते. रानाचे ज्ञान मागे पडून प्रेम पुढे आले, आणि ही हानी आम्ही मान्य करतो. पण त्याच चित्रपटाने एक न्यायाचे काम केले. मॅग्वा हा कथेतला खलपुरुष. कूपरने त्याच्या सूडाला कारण दिले होते : इंग्रज सेनापती मन्रोने दारूच्या अपराधासाठी त्याला फटके मारविले होते. चित्रपटाने ते कारण वाढविले. त्याचे गाव जाळलेले, मुले मारली गेलेली, पत्नी दुसऱ्याच्या घरी गेलेली. मॅग्वाचे क्रौर्य त्यामुळे कमी होत नाही, पण तो आपल्याला माणूस म्हणून कळतो. सुमारे पावणेदोनशे वर्षांनी पुन्हा सांगताना अमेरिकेने आपल्या सीमाकथेतील शत्रूला अधिक माणूसपण दिले.

आता आपल्या नायकाकडे येऊ. तानाजी मालुसरे पोलादपूरजवळच्या उमरठ्याचे, म्हणजे घाटाखालचे, कोकणातले. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी मोगलांना जे २३ किल्ले दिले त्यांत कोंढाणा होता. १६६८ साली महाराजांच्या आज्ञेने आपल्या डिचोली महालातील नार्व्याच्या सप्तकोटीश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. त्यानंतर सव्वा वर्षाने, ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री, तानाजींनी कोंढाणा घेतला आणि तिथेच ते पडले.

ही हकिकत जुन्या गद्यात वाचायची तर कृष्णाजी अनंत सभासदाची बखर घ्यावी. राजाराम महाराजांसाठी सतराव्या शतकाच्या शेवटी लिहिलेल्या या बखरीत कोंढाण्याचा प्रसंग जेमतेम पानभर आहे. त्यात घोरपड नाही. दोन निवडक मावळे रात्री कडा चढून जातात, वानरांच्या सहजतेने. मग बाकीची माणसे वर घेतली जातात. उदेभान हा मोगलांचा किल्लेदार, राजपूत. तानाजींची ढाल तुटते, दुसरी वेळेवर मिळत नाही, तेव्हा ते डाव्या हातावर वार झेलीत लढतात. दोघेही थोर योद्धे म्हणून वर्णिले आहेत आणि दोघेही एकमेकांच्या वाराने पडतात. सूर्याजी पुढचे काम पुरे करतो आणि जिंकल्याची खूण म्हणून गडावर आग लावली जाते. बातमी ऐकून महाराज जे बोलतात त्यातही सिंह नाही. एक गड मिळाला आणि एक गड गमावला, असा त्यांच्या उद्गाराचा आशय. सिंह पुढच्या परंपरेत आला. ‘सिंहगड’ हे नाव मात्र त्या रात्रीच्या आधीचे. १६६३ च्या पत्रव्यवहारातही ते आढळते.

या पानाची थोरवी त्याच्या समतोलात आहे. बखरकार राजारामांचा सेवक. शत्रूला काळे फासले असते तर त्याला कोणी विचारले नसते. त्याने ते केले नाही. त्याला ठाऊक होते की उदेभान नामर्द ठरला तर तानाजींचे मरणही हलके होते.

तुळशीदास शाहिराच्या पोवाड्याने या पानाला घर दिले. रायबाचे लग्न, जिजाबाईंचा सोंगट्यांचा डाव, ऐंशी वर्षांचा शेलारमामा आणि यशवंती घोरपड ही सारी पोवाड्याची देणगी. घोरपडीवर इतिहासकार आक्षेप घेतात आणि तो रास्त आहे. पण शाहिराच्या श्रोत्यांना कडा म्हणजे काय हे माहीत होते. तो चढणे माणसाच्या शक्तीबाहेरचे वाटावे यासाठी त्याने प्राणी आणला. तोटा एवढाच झाला की कड्यावर चढणारे ते दोन मावळे आपल्या स्मरणातून गेले. सभासदाने त्यांची नावे दिली नव्हती, पुढे त्यांचे अस्तित्वही उरले नाही. घोरपडीला नाव मिळाले, मावळ्यांना नाही.

हरिभाऊ आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी विसाव्या शतकाच्या आरंभीची. कूपरला त्याच्या काळी अमेरिकेचा स्कॉट म्हणत, आणि हरिभाऊंच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचे नातेही टीकाकारांनी स्कॉटशीच जोडले आहे. तेव्हा हॉकआय आणि आपट्यांचा तानाजी हे एका अर्थी चुलतभाऊ ठरतात. हरिभाऊंनी कथेला नवे मूळ दिले : सती जायला निघालेली राजपूत विधवा कमलकुमारी आणि तिचा अभिलाष धरून तिला पळविणारा उदयभानू. इतिहासात याला आधार नाही. पण ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहिणाऱ्या लेखकाच्या ऐतिहासिक कादंबरीच्या तोंडाशीही एक विधवा चितेकडे जाताना दिसावी, हा योगायोग आम्हांस वाटत नाही. यमूचे दुःख सांगणारी लेखणी कोंढाण्यावर जातानाही ते दुःख विसरली नाही. या कादंबरीचे खरे बळ आम्हांस इथेच दिसते.

तिचा दोषही इथेच सुरू होतो. कमलकुमारीला संकटात घालायचे तर उदयभानूला कामांध करणे भाग पडले. सभासदाचा शूर किल्लेदार इथे खलपुरुष झाला. लढाईचे कारण राज्याकडून स्त्रीकडे सरकले. वाचकाला राग येण्याची सोय झाली आणि शत्रूबद्दलचा आदर संपला.

पडद्याने हीच वाट रुंद केली. बाबूराव पेंटरांनी १९२३ साली या कादंबरीवरून मूक ‘सिंहगड’ काढला. रात्रीचे प्रसंग कृत्रिम प्रकाशात चित्रित करण्याचा त्यातला प्रयोग चित्रपटाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. पेंटरांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेल्या व्ही. शांताराम यांनी १९३३ मध्ये प्रभातसाठी ‘सिंहगड’ बोलका केला. पारतंत्र्याच्या त्या दिवसांत कड्यावर चढणारा मावळा पाहताना प्रेक्षकांच्या मनात कोणता गड असेल, हे सांगायला नको.

२०२० मध्ये ओम राऊत यांचा ‘तान्हाजी’ हा भव्य हिंदी चित्रपट आला. आपट्यांच्या कल्पनेतील राजपूत विधवा शंभराहून अधिक वर्षांनी या पडद्यावर पुन्हा अवतरली. साहित्य किती खोल झिरपते याचा हा पुरावा. पण ज्या करुणेतून ती जन्मली ती करुणा मागे राहिली. कोंढाण्यावर एक अजस्र तोफ आली. उदयभान तर भाजलेल्या मगरीचे मांस खाणारा, माणसे मारून हसणारा विक्षिप्त झाला. सैफ अली खान यांनी ती भूमिका झपाटून केली आहे, आणि नेमके म्हणूनच नुकसान अधिक झाले. हा राजपूत मोगलांच्या चाकरीत का होता, त्याची निष्ठा कोणती, तोही आपल्या धन्याचा गड राखीत मेला की नाही, हे प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उठतच नाहीत. २०२३ चा मराठी ‘सुभेदार’ वृत्तीने अधिक घरगुती आणि भक्तिभावाचा आहे. पण भक्तीलाही शत्रूकडे पाहायला सवड नसते.

म्हणजे दोन सीमाकथांची गती उलट झाली. अमेरिकेत नायक पातळ झाला, पण शत्रूला माणूसपण मिळाले. आपल्याकडे नायक देवत्वाला पोचला आणि शत्रू राक्षस झाला. अमेरिकेने मूळ निवाशांना प्रत्यक्षात कसे वागविले ते जगाला माहीत आहे. कदाचित त्या अपराधाच्या जाणिवेतूनच मॅग्वाला वाचा फुटली असेल. आपल्याला तशी टोचणी नाही. पण म्हणून सभासदाचा समतोल आपण सोडून द्यावा काय?

आमचे मत असे की सीमाकथेची उंची तिच्या शत्रूवरून मोजावी. सीमेवरचा शत्रू बहुधा शेजारी असतो. तोच डोंगर, तोच पाऊस, कधी तीच भाषा. राजपूत मोगलांकडे होते तसे मराठेही आदिलशाहीत, मोगलाईत होते. ज्या घराण्यांनी एका शतकात वाडीकरांना आणि दुसऱ्यात पोर्तुगीजांना धारा भरला, त्यांना निष्ठा ही किती गुंतागुंतीची गोष्ट आहे हे समजावून सांगायला नको. खाडीपलीकडच्या माणसाला राक्षस ठरविले असते तर आपल्या मुलींची लग्ने कुठे झाली असती?

आज आपल्या घरातील मुलांना तानाजी माहीत आहेत ते मुख्यतः पडद्यावरून. त्याबद्दल त्रागा करण्यात अर्थ नाही. शाहीर, कादंबरीकार आणि दिग्दर्शक प्रत्येक जण आपल्या काळाच्या श्रोत्यांसाठी सांगत असतो. मात्र चित्रपट पाहून आलेल्या नातवंडांना सभासदाचे ते एक पान मोठ्याने वाचून दाखवावे, आणि मग हरिभाऊंची कादंबरी हाती द्यावी. पान लहान आहे, पंधरा मिनिटेही लागणार नाहीत. त्यात त्यांना तोफ भेटणार नाही, घोरपडही नाही. दोन अनाम मावळे भेटतील, ज्यांना कडा ठाऊक होता. आणि दोन शूर पुरुष भेटतील, जे एकाच रात्री एकाच गडावर आपापल्या धन्यासाठी पडले.